पोरींचा बोअर

माझ्या दोन्ही पोरी दिसेल त्यात नाक खुपसणाऱ्या निघाल्या, याचं खापर आमच्या घरात माझ्याच डोक्यावर फुटायचं. फुटू दे. मीच वाढवल्या तशा, आणि मुद्दाम वाढवल्या. आमच्या ह्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ते एवढ्या वेळा म्हणायचे की "एक ना" म्हटलं की पुढचं धाकटीच पुरं करायची. मी म्हणायची, चिंध्यांचीच वाकळ होते, आणि थंडीत वाकळच अंगावर घेतात, तुमचा इस्त्रीचा शर्ट नाही. ह्यावर ते पेपर तोंडापुढं धरायचे. वाद संपला हे सांगायची त्यांची ती पद्धत होती.

मी मास्तरीण. लग्नानंतर पहिली काही वर्षं मुखेडकडच्या एका खेड्यात शिकवलं. तिथं गणित, भूगोल, शिवण, कवायत, सगळं एकाच बाईनं शिकवायचं. सकाळी भागाकार, दुपारी काज-बटण आणि मधेच कुणाचं नाक फुटलं तर डॉक्टरही मीच. त्यामुळं विज्ञान वेगळं, हातकाम वेगळं, असल्या भिंती माझ्या डोक्यात कधी उभ्याच राहिल्या नाहीत. लेकींना हे दुधातूनच मिळालं असणार.

मग लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या निघाल्या, पाट्या लागल्या, पाट्यांवरचा रंग वाळायच्या आत साहेब आले. पण साहेबांच्या हाताखाली लिहायला माणसं कमी पडली, म्हणून ह्यांची बदली लातूरला झाली. मलाही तिथल्या एका शाळेत जागा मिळाली. गावाच्या कडेला, मळे मोडून पडलेल्या प्लॉटांवर आम्ही दोन खोल्या बांधल्या. जिल्हा आला आणि पाऊस गेला. शेजारच्या काकू म्हणायच्या, नव्या जिल्ह्याला कुणाची तरी दृष्ट लागली. त्यातून ह्यांना कचेरीत टंचाईचं टेबल मिळालं. कुठल्या वस्तीत कधी टँकर जायचा, हे ह्यांच्या सहीनं ठरायचं, आणि घरी आम्ही पाण्यावाचून भांडी कोरड्या राखेनंच पुसून ठेवायचो.

पोरींच्या बाबतीत माझा एकच कायदा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जायच्या आधी गल्लीतल्या कुणाकडं तरी जाऊन काहीतरी शिकून यायचं, आणि एकाच ठिकाणी बूड टेकून बसायचं नाही. थोरली गवंड्याकडं गेली आणि दोरीनं काटकोन कसा काढतात ते शिकून आली. मग पायथागोरस तिला कुणी शिकवावाच लागला नाही. कल्हईवाल्याकडं गेली, औषधाच्या दुकानात गेली, रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या पुढ्यात तर ठाण मांडून बसली. धाकटी सायकलच्या दुकानातून पंक्चर काढायला शिकून आली आणि सोबत दोन कचकचीत शिव्याही घेऊन आली. शिव्या मी काढून घेतल्या, पंक्चर राहू दिलं. काकू कुंपणावरून विचारायच्या, "बाई, पोरी काय करून राहिल्यात हो?" मी सांगायची, शिकून राहिल्यात. काकूंचं समाधान काही व्हायचं नाही.

एकदा दोघींनी मिळून भिंतीवरचं घड्याळ उघडलं. तेलपाणी केलं, परत जोडलं, आणि एक चाक उरलं. घड्याळ मात्र चालत होतं. जरा पुढं पळायचं इतकंच. आमचे हे घड्याळाबरहुकूम चालणारे. ते शिपायाच्याही आधी कचेरीत पोचायला लागले. साहेबांनी सगळ्यांपुढं कौतुक केलं. मग काय विचारता, रोज जेवताना आम्हाला वक्तशीरपणावर प्रवचन. आम्ही तिघी खाली मान घालून जेवायचो. शेवटी रेडिओच्या बातम्यांनी घात केला. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि धाकटी निरागसपणे म्हणाली की चाक डब्यात जपून ठेवलंय. त्या दिवसापासून प्रवचन बंद झालं. पण चाक परत बसवाही म्हणाले नाहीत, हे मी ध्यानात ठेवलं.

थोरली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि खरं रामायण सुरू झालं. नांदेडहून माझे मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, पेढे खायला आले. कॉलेजात प्राध्यापक. माणूस सज्जन, मनानं मोठा, पण आयुष्यभर एकच रेघ ओढत आलेला. आपली दोन्ही मुलं त्यांनी अशीच एका रेघेवर चालवून मेडिकलला घातली होती. ते आले तेव्हा पुतणी पलंगाखाली पालथी पडून वायर ओढत होती. तिला काय व्हायचंय असं त्यांनी विचारलं, तर पलंगाखालूनच उत्तर आलं की अजून सगळंच बघायचंय. भाऊजींनी उचललेला पेढा परत ताटलीत ठेवला.

त्यांनी ह्यांना बाहेर ओट्यावर नेलं. हुशार पोर आहे, फुकट घालवू नका. दोन वर्षं माझ्याकडं नांदेडला पाठवा. टेबल, दिवा, पुस्तक. रेडिओ नाही, पकड नाही, गल्लीतली उनाडकी नाही. दोन वर्षांनी डॉक्टरीला घालून देतो. हे सगळं मी खिडकीतून ऐकलं. ऐकायचंच होतं म्हणून खिडकीशी उभी होते. आमचे हे भावापुढं मान हलवण्यात पटाईत, त्यांनी ती हलवली.

भाऊजी गेल्यावर मी भांडले. पोर आहे, रेल्वेचं इंजिन नाही रुळावर ठेवायला, असं म्हणाले. हे म्हणाले की इंजिन निदान कुठंतरी पोचतं. मला त्यांचा संताप आला, कारण उत्तर बरं होतं.  तिचे हात बांधून तिला दोन वर्षं खुर्चीवर बसवलं तर ती डॉक्टर होईल, होणार नाही असं नाही. पण पलंगाखालून बोलणारी ती पोर मला परत दिसणार नाही, एवढं मला पक्कं कळत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या अंगणात बोअर घ्यायचं ठरत होतं. बोअर एकदाच परवडणार होता, म्हणून तळहातावर नारळ घेऊन पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला बोलवायचं होतं. जेवताना थोरलीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि बापाकडं बघून म्हणाली, "अप्पा, जागा मी सांगते. पाणी लागलं तर मी लातुरातच शिकणार, आणि असंच सगळं करत शिकणार. नाही लागलं तर नांदेडला जाते. मग पुस्तकाशिवाय कशालाही हात लावणार नाही."

मला तिला चिमटा काढावासा वाटला. अगं, आपल्या आयुष्याची पैज कुणी बोअरवर लावतं का? पण ह्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "शब्द?" ती म्हणाली, "शब्द." दोघं एकाच मातीची. तिला माझ्यासारखी म्हणतात ते उगंच.

दुसऱ्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. लांब दोरी घेतली, तिला हात-हात अंतरावर शिंप्याकडच्या रंगीत चिंध्या बांधल्या, टोकाला दगड आणि पालथी डबी. डबी पाण्याला टेकली की टप्प असा आवाज येतो. थोरली दोरी सोडायची आणि धाकटी आडाच्या कठड्यावर कान लावून बसायची. वस्तीतल्या साऱ्या विहिरी, आड, बोअर त्यांनी पालथे घातले. कुठं काळा दगड, कुठं मुरूम, कुठं मधेच गेरूसारखा तांबडा थर, उंबर कुठं तगून आहे, सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रंगीत खडूंनी काढलं. बायाबापड्यांना मजा वाटायची. आमचा आड बघा, आमचीबी विहीर बघा, असं म्हणत त्या पोरींना गूळ-शेंगदाणे द्यायच्या. गणित, भूगोल, झाडं, दगड आणि गप्पा. मला तर ती सुट्टी संपूच नये असं वाटत होतं.

सगळीकडं दोरी तळाला जाऊन नुसती खडखडायची. एक जागा सोडून. वस्तीच्या मागं एका पुढाऱ्याचा मळा होता. भोवती भिंत, आत मोसंबीची हिरवीगार बाग, शेजारी बंगल्याचं बांधकाम चाललेलं. तिथं कुणाला आत सोडत नसत. पण धाकटी राखणदाराच्या बायकोकडं कढीपत्ता मागायला गेली, मागून थोरली गेली, आणि त्या बाईची पाठ फिरताच डबी विहिरीत टप्प वाजली. पाणी एवढं वर की दोरी सोडावीच लागली नाही म्हणे. पोरी पळत घरी आल्या. कॅलेंडरवर मळ्याच्या विहिरीपासून उंबराशेजारून एक निळी रेघ निघाली आणि आमच्या अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात येऊन थांबली. हा झरा आहे, इथं पाणी लागणारच, असं थोरली सांगत होती आणि तिचे डोळे असे चमकत होते की मी लगेच विश्वास ठेवला.

पण मी ह्यांना ओळखून होते. शब्द दिला तरी ऐन वेळी पोरीचं कॅलेंडर आणि पाणाड्याचा नारळ यांत जुंपली असती, तर ह्यांनी नारळाचंच ऐकलं असतं. आणि मग पाणी लागलं काय, न लागलं काय, पोरीच्या हाती काही उरलं नसतं. तेव्हा दोघांची जागा एकच निघावी, हे बघणं माझं काम होतं. पाणाड्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तो तिला न्यायला शाळेत आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. नारळ ईशान्येला उभा राहिला तर बरं होईल, असं सांगितलं. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

त्यानं पागोट्याचं टोक चाचपलं. मग म्हणाला, "ईशान्य शुभच असती बाई. पण पाणी न्हाई लागलं तर?"

"तर नारळाची चूक," मी म्हणाले.

"न्हाई बाई. नारळाची चूक कुणी धरत न्हाई. पोरीची धरतील."

त्याचं खरं होतं म्हणूनच मला राग आला. मी त्याला पोरीचा अभ्यास घेत जा म्हणून दोन शब्द सुनावले आणि वर्गात गेले.

ठरल्या दिवशी तो आला. अनवाणी, डोळे मिटलेले, तळहातावर आडवा नारळ. पश्चिमेला फिरला, दक्षिणेला फिरला, नारळ ढिम्म. ईशान्य कोपऱ्यात गेला आणि नारळ डुलत डुलत उभा राहिला. ह्यांनी हात जोडले. भिंतीवर बसलेली धाकटी मात्र नारळाकडं न बघता पाणाड्याच्या अंगठ्याकडं बघत होती. पुढं दोन दिवस तिनं घरातला नारळ घेऊन सराव केला. मग आमच्या घरात जागोजाग पाणी निघायला लागलं. कोठीत निघालं, देवघरात निघालं, आणि ह्यांच्या खुर्चीखाली तर धो धो. हे म्हणाले, ठेव तो नारळ. तिनं चटणीला दिला.

बोअरची गाडी आली. दक्षिणेकडची माणसं, त्यांची भाषा आम्हाला कळेना, आमची त्यांना, खाणाखुणांवर काम चाललं होतं. सगळी वस्ती कुंपणाला लागली. मशीन सुरू झालं आणि कान फुटायची वेळ आली. पांढरी धूळ आकाशात गेली, घरात गेली, आमटीत गेली. एकामागून एक नळ्या खाली जात होत्या आणि थोरली बाहेर पडणारा भुगा मुठीमुठीनं ओळीत मांडत होती. मधेच तांबडा थर लागला तेव्हा ती बापाला ओरडून म्हणाली की आता लागेल, ह्याच्याखालीच लागेल. हे सुद्धा दोन पावलं पुढं सरकले. मग काळा दगड लागला. मग पुन्हा काळा दगडच. नळ्या संपल्या. त्या माणसांनी शेवटची हवा मारली आणि आतून नुसता फुफाटा उडाला.

मशीन बंद झालं. ह्यांचे केस, भुवया, मिशा सगळं पांढरं. ते थोरलीला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, मला भांडता तरी आलं असतं. पाणाड्या म्हणाला पाणी हाय, पण रुसलंय, आणि मागच्या मागं निघून गेला. पोरीनं तांब्याभर पाण्यात तोंड धुतलं आणि आत जाऊन ट्रंक ओढली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. थोडं तिच्यासाठी, आणि बरंचसं रागानं.

दोन दिवस ती कपडे घड्या घालून ट्रंकेत ठेवत होती. भाऊजींना कळवलं होतं, ते महिनाअखेरीस न्यायला येणार होते. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की घड्या घालता घालता पोर थांबते आणि कॅलेंडर काढून बघत बसते. मी जवळ जाऊन म्हणाले, जाऊ दे बाळा, चुकलं तर चुकलं. ती म्हणाली, नांदेडचं काही नाही गं आई, पण त्या विहिरीत पाणी आहे तर आपल्या खाली का नाही? एवढं कळल्याशिवाय मला जाता यायचं नाही.

दोघी पुन्हा कढीपत्त्याला गेल्या आणि त्या विहिरीचं तांब्याभर पाणी घेऊन आल्या. थोरलीनं तांब्या उजेडात धरला, चव बघायला तोंडाशी नेला आणि थांबली. मग मला दिला. मी हुंगला. आमच्या शाळेच्या टाकीत पांढरी पावडर टाकतात, त्या दिवशी पाण्याला जो वास येतो, तो वास. धाकटीनं हुंगला आणि म्हणाली, "हे तर टँकरचं पाणी."

 वस्तीत एक दिवसाआड टँकर यायचा. घागरींची रांग लागायची, निम्म्या घागरी भरल्या की ड्रायव्हर कॉक बंद करायचा आणि संपलं म्हणायचा. आम्ही सगळ्या शहाण्या, संपलं म्हटलं की संपलं. उरलेलं पाणी मळ्याच्या विहिरीत जात होतं, आणि माझी हुशार लेक त्याला झरा समजून रेघ ओढत बसली होती. थोरलीनं कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागली. बोअर कोरडा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

मी म्हणाले, वासावर कोण विश्वास ठेवणार? पुढारी म्हणेल, मीच पावडर टाकली, जंतू मरावेत म्हणून. मग खूण हवी. थोरली विचार करत म्हणाली, टँकरचा कॉक तळाला असतो, म्हणजे आत काही तरंगत असेल तर ते सगळ्यात शेवटी बाहेर येणार. टँकर आपल्याकडंच रिकामा झाला तर ते आपल्या घागरीत येईल. नाही झाला तर जिथं रिकामा होतो तिथं जाईल. तरंगणारं काय टाकायचं? ते धाकटीनं सांगितलं. ज्वारीच्या धाटाच्या आतला पांढरा गाभा. आमच्याकडं ज्या पोरानं त्याच्या बैलगाड्या केल्या नाहीत ते पोर जन्माला यायचं आहे. पिण्याचं पाणी, म्हणून मी अट घातली की तुकडे स्वच्छ पाहिजेत. हळदीच्या पाण्यात खळखळ उकळून घेतले. छान पिवळेधमक झाले.

टँकर आला त्या दिवशी मी ड्रायव्हरला चहाला बोलावलं. दादा, उन्हाचे येता, कधी घोटभर चहा सुद्धा विचारला नाही आम्ही, असं म्हणून ओट्यावर बसवलं. तो भला माणूस गहिवरला. चहा फार छान झालाय म्हणाला, म्हणून आग्रह करून दुसरा कप दिला, कारण धाकटी अजून टँकरच्या शिडीवर होती. ती उतरल्यावर मी कप उचलले. मग रांग लागली, निम्म्या घागरी भरल्या, आणि तो जड आवाजात म्हणाला, "संपलं बाई." एकाही घागरीत पिवळा तुकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा कढीपत्ता आणायला पाठवल्या. राखणदाराची बायको म्हणाली म्हणे, तुमची आई कढीपत्त्याचीच भाजी करती का? धाकटी फ्रॉकच्या ओच्यात मूठभर ओले पिवळे तुकडे घेऊन आली.

मी ते ह्यांच्या ताटात वाढले. भाकरी, पिठलं, ठेचा, आणि बाजूला पिवळे तुकडे. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. थोरलीनं सगळं सांगितलं, क्रमवार, मान खाली घालून. त्यांनी कचेरीतल्या माणसासारखे प्रश्न विचारले. तुकडे कधी टाकले, कुणी पाहिलं, आधी विहिरीत नव्हते कशावरून? तिला सगळी उत्तरं देता आली. मग त्यांनी मळ्यातल्या पाण्याचा तांब्या उचलून हुंगला. आमच्या वस्तीची पूर्ण खेप पोचली म्हणून सही त्यांचीच असायची. माझा नवरा शूर नाही. पुढाऱ्याच्या बंगल्यावरून जाताना सुद्धा तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचा. ताट तसंच ठेवून ते उठले तेव्हा मला वाटलं, संपलं, आता पेपर तोंडापुढं येणार.

सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि कचेरीत जायच्या ऐवजी जाऊन टँकरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसले. दिवसभर बसले. आमच्या वस्तीत आले तेव्हा खाली उतरून कॉकपाशी उभे राहिले. साऱ्या घागरी भरल्या, हंडे भरले, परातीसुद्धा भरल्या, तरी पाणी येतच होतं. काकूंनी त्या दिवशी गोधड्या धुतल्या आणि ह्यांना देवमाणूस म्हणाल्या. देवमाणसाचा शर्ट चिखलानं भरला होता आणि तो आपल्या पोरींसारखा हसत होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी काही बोललेच नाही, आणि माझं न बोलणं आमच्या घरात फार मोठी गोष्ट असते.

असे ते रोज जात राहिले. मळ्यातली मोसंबी माना टाकायला लागली, आणि ह्यांच्या हातात बदलीचा कागद पडला. भोकर, नांदेडच्याही पलीकडं. माझी शाळा लातुरात, धाकटीची शाळा लातुरात, तेव्हा एकट्यानंच जायचं ठरलं.

आता तरी थोरलीचं नांदेड रद्द होईल असं मला वाटत होतं. पाणी लागलं की नाही, अख्ख्या वस्तीला लागतंय, असं मी ह्यांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "बोअर कोरडा गेला. शब्द बोअरचा होता." आणि ती पोर तरी कसली, तीही म्हणाली की अप्पांचं बरोबर आहे. मी कपाळ बडवून घेतलं. भाऊजी यायचा दिवस उजाडला. ट्रंकेला कुलूप लागलं, ट्रंक दाराशी आली.

त्या सकाळी मी पूजा आटोपून स्वयंपाकघरात आले तर हे बाह्या वर सारून जमिनीवर बसलेले, पुढ्यात भोकरला न्यायचा पंपाचा स्टोव्ह, आणि समोर थोरली. आयुष्यात ह्यांनी स्वतःचा चहा कधी केला नव्हता. ती त्यांना पिन मारायला शिकवत होती. एकदा भडका उडाला, त्यांनी हात झटकला, आणि ती वर्गात मी रागावते तशी रागावली, "अप्पा, आधी हवा सोडायची. किती वेळा सांगायचं?" त्यांनी मुकाट्यानं हवा सोडली. मग तिनं त्यांना खाली वाकून ज्योत निळी झालेली ओळखायला लावली, तांदूळ-पाण्याचं प्रमाण बोटाच्या पेरांनी दाखवलं, फ्यूजची तार कशी बांधायची हे सुद्धा सांगितलं. ते प्रत्येक गोष्ट पुन्हा करून बघत होते. करता करता दोघांचेही हात काळे झाले.

तेवढ्यात दारात भाऊजी आले. ट्रंक बघून खूश झाले. चल पोरी, एसटीची वेळ झाली, म्हणाले. थोरली परकराला हात पुसत उठायला लागली. ह्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला परत खाली बसवलं. भावापुढं कधी नाही ते, जागचे न उठता बोलले.

"अण्णा, ही येत नाही. लातुरातच शिकेल. मला भोकरला एकट्यानं राहायचंय, आणि मला अजून काहीच येत नाही."